लोकरीचे ड्रेड्स आणि गंगावनं घरी रंगवणे : रंग भडक हवेत, एकमेकांत मुरलेले हवेत, पण चिखल नको

ऊनसावली

विणकामाच्या चर्चेच्या धाग्यावर हा विषय सारखा मध्येच निघतो आणि स्वेटरच्या मापांत हरवतो, म्हणून वेगळा धागा काढते आहे. ड्रेड्स म्हणजे लोकर वळून केलेल्या, केसांत गुंफायच्या जटांसारख्या दोऱ्या. इथे फक्त त्या रंगवण्याबद्दल बोलू या. केसांत गुंफायचे कसे, हे ओघात आलं तर येऊ दे.

आधी मालाबद्दल, कारण निम्मे प्रश्न तिथेच असतात. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात आणि आपण वापरतो ते रंग ॲक्रिलिकला चढत नाहीत. तासभर उकळा, पाणी रंगीत आणि धागा पांढराच. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत बाजूला केली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि मागे कडक मणी राहतो.

ड्रेड्ससाठी सूत नको, न कातलेली विंचरलेली लोकर हवी. बाजारात तिला ‘टॉप’ किंवा ‘रोव्हिंग’ म्हणतात. सगळे तंतू एका दिशेने असलेला, मनगटाएवढा जाड लांबलचक पट्टा असतो. मेरिनो मेंढीची लोकर १९ ते २३ मायक्रॉन जाडीच्या तंतूंची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मऊ आणि लवकर फेल्ट होणारी, म्हणजे साबण आणि गरम पाण्यात चोळली की तंतू एकमेकांत अडकून घट्ट होणारी. कॉरिडेल मेंढीची २६ ते ३० मायक्रॉनची, जरा भरड, पण तिचे ड्रेड्स जास्त टिकाऊ होतात आणि कमी पिंजारतात. मान नाजूक असेल तर मेरिनो घ्या, नाहीतर माझं मत कॉरिडेलला. लेबलावर ‘सुपरवॉश’ असेल तर ती लोकर परत ठेवा. तिच्या तंतूंवरचे खवले घालवलेले किंवा रेझिनने झाकलेले असतात, त्यामुळे ती फेल्टच होत नाही.

रंग घ्यायचे ते ‘ॲसिड डाय’. नाव ऐकून दचकू नका, यातलं ॲसिड म्हणजे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. मात्रा आणि रसायन ‘मात्राछंद’ लिहितील तर बरं.

मात्राछंद

लिहितो. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांसारखंच प्रथिन. पाणी आम्ल झालं की लोकरीतल्या अमाइन गटांवर धन भार येतो, रंगाच्या रेणूवर ऋण भार असतो, आणि उष्णता मिळाली की रंग आत जाऊन पक्का बसतो. म्हणजे आम्ल आणि उष्णता दोन्ही लागतात. नुसत्या थंड व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलेला रंग पहिल्या धुण्यात जातो.

सगळी मापं कोरड्या लोकरीच्या वजनावर. १०० ग्रॅम लोकरीला १ ग्रॅम पावडर म्हणजे १ टक्का. फिका रंग ०.१ ते ०.२५ टक्के, मध्यम ०.५ ते १, ठसठशीत भडक १.५ ते २, काळा ४ टक्के. २ च्या पुढे भडकपणा वाढत नाही, फक्त धुताना रंग जास्त निघतो.

पावडर दर वेळी तोलत बसू नका. १ ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात पेस्ट करून मग गरम पाणी घालून एकूण १०० मिली करा. हे १ टक्क्याचं द्रावण. याचे १०० मिली म्हणजे १ ग्रॅम रंग, हिशेब सोपा. पेस्ट न करता पावडर थेट गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि मग लोकरीवर गडद ठिपके उमटतात. द्रावण पातळ फडक्यातून गाळून घ्या. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा, स्वयंपाकाचा काटा इतक्या कमी वजनाला भरवशाचा नसतो.

१०० ग्रॅम लोकरीला ३ लिटर पाणी, ३ ते ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा साधं पांढरं व्हिनेगर ५० ते ६० मिली. बोअरचं पाणी असेल तर त्यातला क्षार आम्ल खाऊन टाकतो. अशा वेळी आम्लता दाखवणारा पीएच कागद बुडवून बघा, ४ ते ४.५ यायला हवा. न आल्यास आम्ल थोडं थोडं वाढवा, प्रसंगी दुप्पट लागतं. ‘तुमच्याच मापाने केलं पण रंग पाण्यातच राहिला’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं.

तापमान हळूहळू चढवायचं, मिनिटाला साधारण १ अंश. लोकर कोमट पाण्यात घाला, ४५ मिनिटांत ते १ तासात ८५ ते ९० अंशांपर्यंत न्या, तिथे ३० मिनिटं ठेवा. खळखळून उकळी नको आणि ढवळणं नको, दोन्हींनी लोकर भांड्यातच फेल्ट होते. नंतर त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. पाणी जवळजवळ नितळ झालं की समजा रंग लोकरीत गेला.

भांडं स्टीलचं किंवा टवका न उडालेल्या एनॅमलचं. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड आम्लात उतरतं आणि रंग मळकट करतं. आणि रंगाला वापरलेलं भांडं, चमचा, थर्मामीटर पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही. पावडर हाताळताना पंखा बंद, एन-९५ मास्क आणि हातमोजे.

कोकमसरबत

मस्त धागा. तीन शंका. खाण्याचे रंग चालतात का? घरात दख्खनी मेंढीची लोकर पडून आहे, ती चालेल का? आणि कापडाच्या रंगाच्या पुड्या?

ऊनसावली

दख्खनी लोकर घोंगडीला उत्तम, या कामाला नाही. ती भरड आणि केसाळ असते, मानेला टोचेल. शिवाय बहुतेक काळी-तपकिरी. रंग चढवून लोकर गडद होते, उजळ कधीच होत नाही, त्यामुळे काळ्यावर गुलाबी चढणार नाही. राखाडी लोकरीवर मात्र जांभळा, मोरपिशी, गर्द हिरवा फार खानदानी दिसतो, पण तो ‘भडक’ नव्हे. ब्लीच करून उजळ करू असं मनातही आणू नका. धुण्याच्या क्लोरीन ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते.

देशी माल हवा असेल तर बिकानेरकडची मगरा लोकर पांढरी आणि चमकदार असते. गालिच्याची लोकर आहे, भरड आहे, पण नुसत्या शेंड्यांना वापरली तर रंग झळाळतो.

मात्राछंद

खाण्याचे रंग चालतात. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू हे रासायनिकदृष्ट्या ॲसिड डायच आहेत. ‘लेमन यलो’, ‘रास्पबेरी रेड’, ‘ॲपल ग्रीन’ अशा नावांनी मिळतात ते हेच किंवा यांची मिश्रणं. दोन अडचणी आहेत. पावडरीत मीठ वगैरे भरलेलं असतं, त्यामुळे वरचा टक्केवारीचा हिशेब लागू पडत नाही, डबीवर रंगाचं प्रमाण लिहिलेलं असतं ते वाचा. दुसरी अडचण उन्हाची. हे रंग उन्हात लवकर विटतात, आणि अल्कधर्मी साबणात सुटतात. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा, फेल्टिंगच्या वेळी कामाला येईल.

कापडाच्या पुड्यांत बहुतेक सुती कापडाचे रंग असतात. मिठाच्या पाण्यात उकळायला सांगणारी पुडी लोकरीला जेमतेम रंग देते आणि तो धुपतो. सोडा घालायला सांगणारी पुडी असेल तर तो सोडा लोकरीला लावूच नका, लोकर राठ होते. त्यातले रिॲक्टिव्ह रंग सोडा वगळून, व्हिनेगर आणि उष्णता देऊन लोकरीवर छान बसतात.

हरमलचा वारा

गोव्यात हरमल, हणजूण पट्ट्यात हंगामात ड्रेड्स करणारे बसतात. तिथे दोन पंथ दिसतात. काही जण आधी रोव्हिंग रंगवतात, मग त्याचे ड्रेड्स वळतात. काही पांढरे ड्रेड्स करून ठेवतात आणि गिऱ्हाईक सांगेल तसे बुडवून देतात. घरी करणाऱ्याने कुठला रस्ता धरावा?

पेडविणी

रंग कसा मुरवायचा यावर ते ठरतं.

आधी रंगवून मग वळलेल्या ड्रेडमध्ये रंग गाभ्यापर्यंत जातो आणि वळताना शेजारच्या रंगांचे तंतू एकमेकांत शिरतात. जोड दिसत नाही, जलरंगासारखा उतार येतो, म्हणजे एक रंग हळूहळू दुसऱ्यात जातो. पण फेल्टिंगचा साबण अल्कधर्मी आणि पाणी गरम, त्यामुळे रंग कच्चा असेल तर पांढऱ्याचा गुलाबी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून या रस्त्याला चांगले ॲसिड डायच हवेत. खाण्याचे रंग वापरणार असाल तर आधी ड्रेड्स वळा, साबण पूर्ण घालवा, मग रंगवा. मात्राछंदांनी वर लिहिलंय तेच कारण.

वळून मग रंगवायचे तर अडचण गाभ्याची. ८-१० मिलिमीटर जाड घट्ट ड्रेडमध्ये रंग वरच बसतो, आत पांढरं राहतं, आणि महिन्याभरात पिंजारलं की तो पांढरा डोकावतो. उपाय असे. ड्रेड्स रात्रभर पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब. सकाळी साबण खळबळून काढा. रंगाच्या भांड्यात सुरुवातीला आम्ल ठरल्याच्या पाव भागच घाला. रंग सावकाश आत शिरतो. ७० अंशांच्या पुढे गेल्यावर उरलेलं आम्ल दोन हप्त्यांत घाला, लोकर बाजूला सरकवून, थेट तिच्यावर नाही. ८५-९० ला ३० ऐवजी ४५ ते ६० मिनिटं. सोबत एक नमुन्याचा तुकडा टाका आणि शेवटी तो आडवा कापून बघा.

फेल्टिंगच्या साबणाचा अंश राहिला तर तो आम्ल मारतो आणि रंग चढतच नाही. शेवटच्या पाण्यात झाकणभर व्हिनेगर घालून खळबळायची सवय लावून घ्या.

रंगपेटारा

पेडविणींच्या लिहिण्यातला कळीचा मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण सगळं मुरवणं त्यावर उभं आहे. आम्ल कमी असताना रंग फिरतो, आम्ल असताना रंग जिथे पडला तिथेच चिकटतो. मऊ उतार हवा असेल तर आम्ल नंतर. ठिपके, पट्टे, तुटक सीमा हव्या असतील तर लोकर आधीच आम्लाच्या पाण्यात भिजवा आणि गरम लोकरीवर रंग घाला. पाण्याचंही तसंच आहे. पाणी जास्त तर रंग सगळीकडे, पाणी लोकर जेमतेम बुडेल एवढं तर रंग आपापल्या गल्लीत.

आता शेजारी. चिखल होतो तो समोरासमोरचे रंग एकमेकांत शिरल्यावर. जांभळा-पिवळा, हिरवा-गुलाबी, निळा-नारिंगी यांची सीमा नेहमी तपकिरी होणार, कितीही जपून करा. पिवळा–नारिंगी–गुलाबी–जांभळा–निळा–मोरपिशी–पोपटी–पिवळा असा गोल डोळ्यांसमोर ठेवा. यातले लगतचे रंग बिनधास्त मुरवा. मधला टप्पा गाळायचा असेल तर त्या दोन रंगांत बोटभर पांढरी पट्टी सोडा.

मूळ रंग तीनच घ्या: लिंबू पिवळा, मॅजेंटा, फिरोजी. साधा लाल आणि गडद निळा घेऊन जांभळा करायला गेलात तर वांग्यासारखा मळका येतो. १ टक्का द्रावणांची माझी मापं, १०० मिलीला : नारिंगीसाठी पिवळा ८८, मॅजेंटा १२. पोपटी पिवळा ९०, फिरोजी १०. हिरवा पिवळा ७०, फिरोजी ३०. जांभळा मॅजेंटा ६०, फिरोजी ४०. प्रत्येक कंपनीची पावडर कमी-जास्त तेज असते, तेव्हा ही सुरुवात समजा. पिवळा नेहमी दुबळा. पिवळ्यात दुसरा रंग थेंबाथेंबाने घालायचा, उलट नाही. कागदी रुमालावर थेंब टाकून बघितला तर अंदाज येतो, पण लोकर मुळात पिवळसर असते, त्यामुळे फिका निळा लोकरीवर हिरवट होणार हे धरून चाला. त्यावर उतारा म्हणजे निळ्यात मॅजेंटाचा एखादा थेंब.

कोकमसरबत

रोव्हिंगवर हाताने रंग घालायची कृती कुणी टप्प्याटप्प्याने लिहाल का? ‘गल्लीत’ राहायला हवा तो रंग दर वेळी शेजारी जातो असं इतरत्र वाचलंय.

पेडविणी

शेजारी जातो तो पाणी जास्त झाल्याने.

१०० ग्रॅम टॉप कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा, लिटरला ६० मिली व्हिनेगर. वरून दाबून बुडवा, चोळू नका. हवा अडकली तर तिथे पांढरे डाग राहतात. मग दोन तळव्यांत धरून दाबा, पिळायचं नाही. इतका निथळायला हवा की टेबलावर ठेवल्यावर खाली पाणी साचणार नाही.

टेबलावर क्लिंग फिल्मच्या (पदार्थ गुंडाळायच्या पातळ प्लॅस्टिकच्या) दोन-तीन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून पसरा, त्यावर टॉप सरळ लांब घाला. द्रावण टोकाच्या बाटल्यांत भरा, सॉसच्या किंवा मेंदीच्या. १०० ग्रॅमला सगळे रंग मिळून २०० ते २५० मिली पुरतं. त्याहून जास्त घातलंत तर ते उरतं आणि वाहतं. एक पट्टा रंगवला की हातमोज्याने वरून दाबा, लोकर खाली ‘पचक’ करून रंग पिते. मग टॉप उलटून खालची बाजू बघा. तिथे हमखास पांढरं दिसतं, तिथे पुन्हा थोडा रंग. पुढचा रंग आधीच्या काठापासून १ सेंटीमीटर लांब सुरू करा आणि तो एक सेंटीमीटर बोटाने दाबून भरा. दोन रंग तिथे आपोआप भेटतात. थेट एकावर एक घातले की सीमा रुंद आणि गढूळ होते.

सगळं झाल्यावर कागदी रुमाल कडेला लावून साचलेलं पाणी टिपून घ्या. फिल्म दोन्ही बाजूंनी दुमडून लांब सुरळी करा, मग चकलीसारखी गुंडाळी. रंगीत भाग एकमेकांना फिल्ममधूनच लागले पाहिजेत, उघडे नाहीत. जुन्या मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये जाळीवर ठेवा, पाणी गुंडाळीला लागू देऊ नका. पाणी उकळल्यापासून ४० मिनिटं वाफ. त्यात फिरोजी असेल तर पूर्ण तास. (ते मोदकपात्र मग रंगाचंच झालं. गणपतीत कुणी वापरणार नाही अशा जागी ठेवा.) गुंडाळी तशीच गार होऊ द्या, दुसऱ्या दिवशी उघडा.

ड्रेड वळताना लोकर लांबीला २५ ते ३० टक्के आवळते. म्हणून २० सेंटीमीटरचा पट्टा रंगवला तर ड्रेडवर १४-१५ उरतो. दोन टोकी ड्रेड प्रत्येक बाजूला ६० सेंटीमीटर हवा असेल तर एकूण १२०, म्हणजे १७० सेंटीमीटरचा तुकडा घ्या आणि त्या मापाने पट्टे आखा. मधले १० सेंटीमीटर, जिथून तो केसांत अडकतो, केसांच्या रंगाशी जुळता गडद ठेवला तर मुळाशी जोड उठून दिसत नाही.

हरमलचा वारा

तयार ड्रेड्सचे शेंडे बुडवून उतार द्यायचा तर सीमारेषा पडते, सरळ पट्टीने आखल्यासारखी. ती कशी टाळायची?

पेडविणी

ड्रेड्स पूर्ण ओले असू देत, कोरड्याला रेघ पडणारच. दहा-दहाची जुडी सैल बांधून भांड्यावर आडव्या ठेवलेल्या लाटण्याला टांगा. आधी बुडवायचं तेवढं नाही, त्याच्या दोन तृतीयांशच बुडवा. दर दोन-तीन मिनिटांनी ३-४ सेंटीमीटर वर-खाली करा, थांबण्याची जागा कधीच एक ठेवू नका. पहिली १५ मिनिटं आम्ल अगदी थोडं. रंग ओल्या लोकरीतून स्वतःच वर चढतो आणि फिकट होत जातो. नंतर आम्ल घाला आणि शेवटच्या १५ मिनिटांत फक्त टोकं बुडवून ठेवा, तीच सर्वात गडद होतात. वरचा भाग भांड्याबाहेर असल्याने तिथला रंग पुरता पक्का होत नाही, म्हणून शेवटी सगळी जुडी फिल्ममध्ये गुंडाळून अर्धा तास वाफवा. ही वाफ गाळणाऱ्यांचेच उतार पहिल्या धुण्यात खाली ओघळतात.

कातणवेडा

सगळे ओल्या रंगात अडकलात. मुरलेला रंग हवा तर कोरडा मुरवा ना. पिवळा, मॅजेंटा, फिरोजी, पांढरा असे एकेरी रंगाचे टॉप्स करून ठेवा आणि ते एकत्र विंचरा. पंजा-कार्डर (लोकर विंचरायचे तारांचे ब्रश) नसतील तर कुत्र्याचे केस विंचरायचे दोन स्लिकर ब्रश पुरतात, बारीक वाकड्या तारांचे.

पिवळ्यापासून गुलाबीपर्यंत जायचं तर ७५:२५, ५०:५०, २५:७५ असे तीन मधले पुंजके तोलून करा, प्रत्येकी ५-६ ग्रॅमचे. ब्रशवर पिवळ्याचा पातळ थर, त्यावर गुलाबीचा पातळ थर, दुसऱ्या ब्रशने दोन किंवा तीन वेळा ओढा आणि थांबा. दोन वेळा ओढलं की दोन्ही रंगांच्या रेषा दिसतात, जवळून गुलाबी-पिवळं आणि दोन हातांवरून झगझगीत नारिंगी. पाच-सहा वेळा ओढलं की एकजीव सपाट नारिंगी मिळतं, मग तो नारिंगी भांड्यातच का नाही केला? विरुद्ध रंगसुद्धा कमी विंचरून शेजारी ठेवता येतात, कारण इथे रंग विरघळत नाहीत, नुसते शेजारी बसतात. फिरोजीत बोटभर नारिंगी तंतू सोडून बघा.

पाचही पुंजके क्रमाने, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या टोकावर ५-६ सेंटीमीटर चढवून मांडा आणि अलगद ओढून एक लांब पट्टा करा. कैचीने कापू नका, हाताने ओढून तोडा, कापलेली टोकं फेल्ट होताना धरत नाहीत.

रंगपेटारा

कोरड्या मुरवण्याला अनुमोदन, पण पन्नास ड्रेड्सना हे करणं म्हणजे आठवडा गेला. दहा-बारा ‘दर्शनी’ ड्रेड्स विंचरून करा, बाकीचे बुडवून.

कोकमसरबत

जांभळा केला की कडा निळ्या आणि मध्ये गुलाबी असं का होतं? आणि फिरोजीचं पाणी तास झाला तरी निळंच राहतं.

मात्राछंद

मिश्र रंगातले घटक वेगवेगळ्या वेगाने चिकटतात. लाल अंग बहुतेकदा आधी बसतं, निळं मागे राहून पुढे सरकतं. आम्ल एकदम घातलं किंवा लोकर आधीच गरम असली की ही फूट जास्त दिसते. खाण्याच्या रंगांच्या जांभळ्यात तर फारच. एकसारखा जांभळा हवा तर सगळा रंग थंड पाण्यात मिसळा, लोकर घाला, मिनिटाला १ अंशाने चढवा, आम्ल शेवटी. फुटलेला जांभळा मुद्दाम हवा असेल तर याच्या नेमकं उलट करा. दिसतो मात्र झकास. फेकू नका.

एक विशेष गोष्ट एरिथ्रोसिनची, म्हणजे चेरीवरच्या गुलाबी रंगाची. आम्ल जास्त झालं की तो पाण्यात साका होऊन खाली बसतो आणि लोकरीवर कण चिकटतात. तो टाळावा.

फिरोजीचे रेणू मोठे, आत शिरायला वेळ घेतात. ९० अंश आणि पूर्ण तास, शिवाय शेवटच्या २० मिनिटांसाठी आम्ल थोडं वाढवा. तरी पाणी किंचित निळं राहतंच. रंग २ टक्क्यांच्या आत ठेवा. उरलेल्या पाण्यात थोडी पांढरी लोकर टाकून फिकट आकाशी काढून घ्या, उताराचा शेवटचा टप्पा फुकटात मिळतो.

हरमलचा वारा

झगमगीत गुलाबी, अंधारात दिव्याखाली चमकणारा, तो सुट्ट्या रंगाच्या दुकानात मिळतो. तो घ्यावा?

मात्राछंद

नाव नसलेली, चिमूटभरात बादली गुलाबी करणारी ती पावडर बहुतेक वेळा ऱ्होडामिन असते. तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्या रंगामुळे ‘बुढी के बाल’ बंद केले तो हाच. लोकरीवर सुंदर चढतो, पण उन्हात झपाट्याने विटतो आणि घामाबरोबर मानेवर उतरतो. दिवसरात्र कातडीला लागणाऱ्या वस्तूला नको. कंपनीचं नाव आणि डब्यावर सुरक्षेची माहिती असलेला फ्लोरोसंट ॲसिड डाय घ्या, तो ०.५ टक्क्यातच पुरेसा चमकतो. सुट्ट्या पावडरीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घातक ॲझो रंगांवर (कृत्रिम रंगांचा एक गट) भारतात १९९७ साली बंदी आली, पण सुट्टी पुडी लेबल घेऊन येत नाही. क्रोमियमच्या क्षाराने पक्के करायचे क्रोमवाले रंगही घरात नकोत.

पेडविणी

आता धुणं आणि चाचणी, मग माझं संपलं.

ज्या तापमानाचं रंगाचं पाणी त्याच तापमानाच्या पाण्यात धुवा. गरमातून एकदम थंडात गेली की लोकर आवळते. पहिल्या दोन पाण्यांत किंचित रंग निघणं ठीक. तिसऱ्यातही निघाला तर धूत बसू नका, पुन्हा व्हिनेगरच्या पाण्यात ९० अंशांना अर्धा तास ठेवा. मिठाने किंवा तुरटीने ‘रंग पक्का’ होतो हे सुती कापडावरून आलेलं खूळ आहे.

चाचणी : पांढरं ओलं सुती फडकं ड्रेडभोवती घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. फडक्यावर डाग आला तर उशीवर, शर्टाच्या कॉलरवर आणि पांढऱ्या कुर्त्यावरही येणार. हीच चाचणी साबणाच्या पाण्याने आणि चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याने एकेकदा करा. घामात मीठ असतं, आणि नुसत्या पाण्याला टिकलेला रंग तिथे दगा देऊ शकतो.

वाळवायला उशीच्या जुन्या खोळीत भरून मशीनमध्ये फक्त स्पिन, दोन मिनिटं. मग सावलीत टांगा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस धरा. बाहेरून कोरडा लागणारा ड्रेड आत ओला असतो आणि तसाच डब्यात गेला की कुबट वास धरतो.

ऊनसावली

@कोकमसरबत, विपूत (विचारपुशीत) वजनाचं विचारलंत ते इथेच लिहिते. जाडीप्रमाणे एक दोन टोकी ड्रेड ६ ते १० ग्रॅमचा होतो. पन्नास घातले तर ३०० ते ५०० ग्रॅम, आणि डोक्यावरून आंघोळ केली की लोकर पाणी धरून त्याच्या दुप्पट तरी होते. केस विरळ असतील तर पंचवीस बारीक ड्रेड्स मागच्या अर्ध्या डोक्यात घाला, कानशिलावरचे आणि कपाळावरचे बारीक केस सोडून द्या. पेड घट्ट ओढून घालू नका, मुळाशी दुखायला लागलं तर तो सोडून सैल घालायचा, सवय होईल म्हणून थांबायचं नाही.

काढून ठेवताना पूर्ण कोरडे, झाकणाच्या डब्यात. लोकरीला कसर लागते. डांबराच्या गोळ्यांचा वास केसांतून जात नाही, त्यामुळे त्या नकोत. घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवले की कसरीची अंडी मरतात.

हरमलचा वारा

समुद्राचं पाणी पक्क्या रंगाला फारसं काही करत नाही, नंतर गोड्या पाण्याने खळबळा म्हणजे झालं. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन मात्र फिरोजी आणि गुलाबी दोन्ही खातं. टोपी घाला किंवा बांधून वर ठेवा. उन्हात सगळ्यात आधी विटतो तो फ्लोरोसंट, मग खाण्याचे रंग. विटलेले शेंडे पुन्हा बुडवता येतात, फक्त त्याआधी तेल, शांपू, कंडिशनर सगळं साबणाच्या कोमट पाण्याने काढा, नाहीतर रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढतो. केसांतच असताना हे करू नका. ९० अंशांचं काम आहे, डोक्यावर होत नाही.

कातणवेडा

उरलेली द्रावणं काचेच्या बाटलीत, लेबल आणि तारीख लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. काही महिने चालतात. थंडीत तळाशी साका बसला तर बाटली गरम पाण्यात उभी करून हलवा, विरघळतो. विरघळला नाही तर ते द्रावण ठिपक्यांच्या कामाला, उताराला नाही.